पुढच्या भागात आमचा रस्ता हवा

७ ऑक्टोबर २०१६ रोजी मेलबर्नच्या उत्तरेला असलेल्या ब्रॉडमेडोज उपनगरातल्या कारखान्यातून शेवटची फोर्ड फाल्कन बाहेर पडली. निळ्या रंगाची एक्सआर-सिक्स. १९६० पासून ही गाडी ऑस्ट्रेलियात बनत होती. तिच्याबरोबर फोर्डनं त्या देशातलं मोटारींचं उत्पादनच थांबवलं आणि सुमारे सहाशे कामगारांची नोकरी गेली. त्याच्या दहाच दिवस आधी, २७ सप्टेंबरला, ‘फोर्झा होरायझन ३’ हा शर्यतीचा व्हिडिओ गेम जगभर विक्रीला आला होता. खेळाची भूमी होती ऑस्ट्रेलिया. साडेतीनशेच्या आसपास गाड्यांच्या त्याच्या ताफ्यात फेरारी आणि लॅम्बोर्गिनीच्या शेजारी फाल्कन उभी होती, होल्डनची टोराना होती, सत्तरच्या दशकातली सँडमन व्हॅन होती, मागे उघडा हौदा असलेल्या ‘यूट’ होत्या. कारखान्याची बत्ती विझत होती त्याच पंधरवड्यात या गाड्या लाखो घरांच्या पडद्यांवर सुरू झाल्या.

पुढच्या वर्षी, २० ऑक्टोबर २०१७ ला, अ‍ॅडलेडजवळच्या एलिझाबेथ इथला होल्डनचा कारखाना बंद झाला. तिथली शेवटची गाडी लाल कमोडोर. टोयोटानं त्याच महिन्यात मेलबर्नजवळच्या अल्टोनातून काढता पाय घेतला होता. ज्या देशानं १९४८ साली पंतप्रधान बेन चिफलींच्या हस्ते आपल्या पहिल्या होल्डनचं अनावरण केलं होतं, तिथं आता एकही प्रवासी मोटार मोठ्या प्रमाणावर बनत नव्हती. फेब्रुवारी २०२० मध्ये जनरल मोटर्सनं होल्डन हे नावही मोडीत काढत असल्याचं जाहीर केलं.

शर्यतीच्या खेळांचे चाहते पुढच्या भागाकडून काय मागतात, हा प्रश्न घेऊन बसलं की बहुतेकदा याद्या हाती येतात. आणखी गाड्या, आणखी मोठा नकाशा, आणखी खरा पाऊस. या याद्या खऱ्याच असतात. पण ऑस्ट्रेलियाच्या उदाहरणाकडे नीट पाहिलं की त्यांच्या तळाशी दोनच मागण्या दिसतात, आणि मला त्या दोन्ही पूर्णपणे रास्त वाटतात. खेळात आमचा रस्ता आणि आमची गाडी असू दे. आणि एकदा दिलीत की ती परत नेऊ नका.

ऑस्ट्रेलियात ‘होल्डन की फोर्ड’ हा प्रश्न गाडी घेताना पडत नाही, तो जन्मानं सुटलेला असतो. कोल्हापुरात एखादं पोर पाटाकडील तालमीचं आणि शेजारच्या गल्लीतलं शिवाजी तरुण मंडळाचं, आणि शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच असली की दोन्ही घरं एकमेकांशी बोलत नाहीत, तसं हे आहे. ही निष्ठा मोजण्याची जागा म्हणजे बाथर्स्ट. सिडनीपासून पश्चिमेला सुमारे दोनशे किलोमीटरवर, ब्लू माउंटन्स ओलांडून गेल्यावर हे गाव लागतं. चिफली याच गावचे. गावाशेजारचा डोंगर म्हणजे माउंट पॅनोरमा; मूळच्या विराजुरी लोकांचा तो वाहलू. १९३८ साली त्यावर जो वळणावळणाचा रस्ता खुला झाला, तोच आजचा शर्यतीचा मार्ग. लांबी ६.२१३ किलोमीटर, वळणं २३, आणि सर्वांत खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत १७४ मीटरचा चढ. शर्यत नसते तेव्हा हा साधा सार्वजनिक रस्ता असतो. डोंगरावर राहणारी माणसं त्यावरून भाजी आणायला जातात, ताशी ६० किलोमीटरच्या मर्यादेत.

ऑक्टोबर उजाडला की याच रस्त्यावर एक हजार किलोमीटरची शर्यत लागते. १६१ फेऱ्या, जवळजवळ अख्खा दिवस. १९७९ साली पीटर ब्रॉक आणि जिम रिचर्ड्स यांनी टोराना ए-नाइन-एक्स या गाडीनं ती तब्बल सहा फेऱ्यांच्या आघाडीनं जिंकली. इतकी आघाडी असताना कुणीही शेवटची फेरी जपून काढली असती. ब्रॉकनं त्या शेवटच्या फेरीत मार्गाचा विक्रम मोडला. त्याच्या नऊ विजयांपैकी हा एक, पण लोकांच्या तोंडी हाच जास्त असतो. म्हणून खेळाच्या ताफ्यात टोराना ए-नाइन-एक्स दिसली तेव्हा अ‍ॅडलेडच्या माणसाला जे वाटलं असेल ते टोकियोच्या किंवा टेक्ससच्या खेळाडूला वाटणं शक्य नव्हतं. त्याला ती जुन्या वळणाची एक दणकट गाडी. याला ती वडिलांबरोबर टीव्हीसमोर बसून काढलेले ऑक्टोबरचे रविवार. त्याच ताफ्यातली एक्सबी फाल्कन जीटी तर ‘मॅड मॅक्स’ या १९७९ च्याच चित्रपटामुळे ऑस्ट्रेलियाबाहेरही ओळखीची होती.

‘होरायझन’ मालिका ऑस्ट्रेलियन नाही. ती बनते इंग्लंडमधल्या लेमिंग्टन स्पा या गावात, प्लेग्राउंड गेम्स या स्टुडिओत. पहिला भाग २०१२ साली अमेरिकेतल्या कोलोराडोत घडला, दुसरा २०१४ मध्ये दक्षिण फ्रान्स आणि उत्तर इटलीत. तिसऱ्यासाठी ऑस्ट्रेलिया निवडताना त्यांनी जी मेहनत घेतली ती सांगण्यासारखी आहे. आकाश चितारायचं नाही, खरं टिपायचं, असं ठरवून त्यांनी एक खास कॅमेरा-संच ऑस्ट्रेलियात पाठवला. दिवसभराचं आकाश, ढगांची चाल, संध्याकाळचा उतरता प्रकाश असं सारं अतिशय बारीक तपशिलात टिपून खेळात आणलं. रेताड आउटबॅकमध्ये धुळीवर पडणारं त्या खेळातलं ऊन पाहिलं की ते इंग्लंडचं नाही हे कुणालाही कळतं. रस्त्याच्या डाव्या बाजूनं गाडी चालते, उजव्या हाताचं स्टिअरिंग असलेल्या गाड्या भरपूर आहेत. आपल्यालाही हे लगेच ओळखीचं वाटतं.

नकाशात मात्र त्यांनी भूगोलाला बिनधास्त दुमडलं. क्वीन्सलँडच्या किनाऱ्यावरचं सर्फर्स पॅरडाइज, न्यू साउथ वेल्समधलं बायरन बे, व्हिक्टोरियातली यारा व्हॅली आणि समुद्रात उभे असलेले ‘ट्वेल्व्ह अपॉसल्स’चे खडक, शिवाय दक्षिण ऑस्ट्रेलियातली कूबर पीडी ही ओपलच्या खाणींची वस्ती असं सगळं एका पटावर आलं. प्रत्यक्षात या ठिकाणांमध्ये दिवसचे दिवस गाडी चालवावी लागते. खेळात काही मिनिटं. शर्यतीच्या खेळाला एवढी मुभा द्यायला हरकत नाही असं मी मानतो. रोजच्या प्रवासातले कंटाळवाणे तास कुणाला परत जगायचे नसतात. लोकांना हवी असते रस्त्याची ओळख: उजेड कसा पडतो, झाडं कुठली, कुंपण कशाचं, समोरून येणारी गाडी कुठल्या बाजूनं येते.

मालिका पुढे ब्रिटनला गेली, मग मेक्सिकोला. २०२१ च्या मेक्सिकोबद्दल चाहत्यांच्या ज्या तक्रारी झाल्या त्यांतली एक मला फार महत्त्वाची वाटते. खेळ सुरू होताच महागड्या गाड्या हातात येऊन पडत होत्या. जिंकलात, घ्या गाडी. हरलात, तरी चाक फिरवा, घ्या गाडी. दोन दिवसांत गॅरेज गच्च भरायचं आणि त्यातल्या एकाही गाडीशी नातं जडायचं नाही. खेळाडूला रोज परत आणायचं तर त्याला रोज काहीतरी द्यायला हवं, हा यामागचा कंपन्यांचा हिशेब. चाहते उलटं मागत होते: आधी एक जुनी, कुरकुरणारी गाडी द्या, तिच्यावर महिनाभर मेहनत करू द्या. ज्यांनी घरात पहिली मोटारसायकल हप्त्यांवर आलेली पाहिली आहे त्यांना ही मागणी समजावून सांगावी लागणार नाही.

जपान हवं, ही या मालिकेच्या चाहत्यांची सर्वांत जुनी आणि सर्वांत मोठ्या आवाजातली मागणी. २०२५ च्या सप्टेंबरात टोकियो गेम शोमध्ये जाहीर झालं की सहावा भाग जपानात घडेल आणि २०२६ साली येईल. यात ऑस्ट्रेलियाचं काय, असं वाटेल. पण निसान स्कायलाइन जीटी-आर या जपानी गाडीला जगभर ज्या नावानं ओळखतात ते ‘गॉडझिला’ हे नाव ‘व्हील्स’ या ऑस्ट्रेलियन मासिकानं १९८९ साली दिलं. हीच गाडी १९९१ आणि १९९२ मध्ये बाथर्स्टला जिंकली, आणि होल्डन-फोर्डच्या गर्दीनं १९९२ साली विजेत्यांची हुर्यो उडवली. व्यासपीठावर होते मार्क स्केफ आणि तेच जिम रिचर्ड्स, तेरा वर्षांपूर्वी टोरानात बसून लोकांचे लाडके झालेले. रिचर्ड्सनी त्या गर्दीला तिथल्या तिथे खडे बोल सुनावले. सहाव्या भागात ऑस्ट्रेलियातले चाहते स्कायलाइन घेऊन जपानी घाटात उतरतील तेव्हा तीही त्यांच्या घरचीच गाडी असेल.

आता बाथर्स्टचं ऐका, कारण पुढच्या भागाची वाट पाहणं म्हणजे काय हे तिथल्या चाहत्यांइतकं कुणाला कळलं नसेल. ब्रिटनच्या कोडमास्टर्स कंपनीनं २००२ मध्ये एक शर्यतीचा खेळ काढला. ब्रिटनमध्ये तो ‘टोका रेस ड्रायव्हर’, जर्मनीत त्यांच्या डीटीएम स्पर्धेच्या नावानं, आणि ऑस्ट्रेलियात ‘व्ही-एट सुपरकार्स’ या तिथल्या राष्ट्रीय स्पर्धेच्या नावानं विकला गेला. आत खेळ एकच. तरी डब्यावर आपली गाडी, आत आपला डोंगर आणि आपले चालक, एवढ्यानं ऑस्ट्रेलियन घरांत तो आपला झाला. दुसरा भाग आला २००४ मध्ये, तिसरा २००६ मध्ये. मग कंपनीनं वाट बदलली, २००८ पासून ‘ग्रिड’ नावानं जगभर एकाच चेहऱ्याचा खेळ काढायला सुरुवात केली, आणि ‘व्ही-एट सुपरकार्स ४’ आलाच नाही. राष्ट्रीय स्पर्धेचा स्वतंत्र खेळ हवा, ही मागणी तेव्हापासून चालू आहे. तेव्हा दहा वर्षांची असलेली मुलं आता स्वतः आई-बाप झाली.

डोंगर तेवढा मिळत गेला. २०१३ च्या नोव्हेंबरात ‘फोर्झा मोटरस्पोर्ट ५’ आणि डिसेंबरात जपानचा ‘ग्रान टुरिस्मो ६’, अशा दोन मोठ्या खेळांत पंधरा दिवसांच्या अंतरानं माउंट पॅनोरमा दाखल झाला. त्याच वर्षी मेलबर्नमध्येच बनलेल्या ‘रिअल रेसिंग ३’ मुळे तो मोबाइलवरही आला. हा डोंगर टीव्हीवर कधीच नीट कळत नाही. कॅमेरा उतार सपाट करून टाकतो. माथ्यावरच्या स्कायलाइन नावाच्या टप्प्यावरून गाडी खाली तोंड करते तेव्हा समोरचा रस्ता दिसेनासा होतो, लगेच एकामागून एक आखूड वळणं येतात, दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या भिंती, चूक झाली तर थांबायला माती नाही की गवत नाही. खेळात चालकाच्या जागेवर बसल्यावर पोटात खड्डा पडतो. ‘बाथर्स्ट द्या’ म्हणणारा चाहता हे मागत असतो, आणि तो गाडीच्या वजनाबद्दल इतका हट्टी का असतो तेही इथंच समजतं. दीड टनाची गाडी उतारावर ब्रेक लावताना नाकावर झुकली पाहिजे, मागची चाकं हलकी झाली पाहिजेत. ते झालं नाही तर डोंगर नुसता देखावा उरतो.

२०२० च्या मार्चमध्ये करोनामुळे मेलबर्नची फॉर्म्युला वन शर्यत ऐनवेळी रद्द झाली, आणि तिच्याबरोबर सुपरकार्सचा हंगामही थांबला. एप्रिलमध्ये खरे चालक आपापल्या घरी स्टिअरिंग आणि पेडल लावून ‘आयरेसिंग’ या सिम्युलेटरवर एकमेकांशी शर्यत खेळू लागले, आणि ती टीव्हीवर दाखवली गेली. जिंकला न्यूझीलंडचा शेन व्हॅन गिसबर्गन, जो खऱ्या गाडीतही जिंकतच होता. चाहत्यांच्या दृष्टीनं हा मोठा दाखला ठरला. खेळातला डोंगर इतका खरा होता की खऱ्या डोंगरावरची कसबं त्यावर चालत होती. पण आयरेसिंगला महिन्याच्या वर्गणीचं बंधन, वर गाड्या आणि मार्ग वेगळे विकत घ्यायचे, स्टिअरिंगचा संच महागडा. कन्सोलवर, सोफ्यावर बसून, धाकट्या भावाबरोबर खेळता येईल असा सुपरकार्सचा खेळ अजूनही हवाच आहे.

स्वतःचा खेळ स्वतः का नाही बनवला, असा प्रश्न पडेल. बनवले, आणि चांगले बनवले. अ‍ॅडलेडच्या रॅटबॅग स्टुडिओनं १९९८ मध्ये ‘पॉवरस्लाइड’ काढला. उजाड जगातल्या धुळीच्या रस्त्यांवर गाडी आडवी घसरवत नेण्याचा तो खेळ, आणि ती घसरण इतकी पटणारी होती की त्याची आठवण काढणारे आजही भेटतात. मग त्यांनी मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतींचे खेळ केले. ‘पॉवरस्लाइड’चा पुढचा भाग त्यांनी हाती घेतला होता, पण तो बाजारात पोचला नाही. ऑगस्ट २००५ मध्ये अमेरिकेच्या मिडवे कंपनीनं रॅटबॅग विकत घेतला आणि चार महिन्यांत, त्याच डिसेंबरात, बंद केला.

मेलबर्न हाऊसची कथा याच वळणाची. १९८० साली बीम सॉफ्टवेअर म्हणून सुरू झालेला हा स्टुडिओ. ड्रीमकास्ट कन्सोलवरचा त्यांचा ‘ल मां २४ अवर्स’ हा त्या काळातला अतिशय देखणा शर्यतीचा खेळ होता, आणि त्यात खरोखरीची चोवीस तासांची शर्यत लावता यायची. २००६ मध्ये ब्रिस्बेनच्या क्रोम स्टुडिओनं मेलबर्न हाऊस विकत घेतला. २०१० मध्ये क्रोमचाच डोलारा कोसळला. त्या मानानं फायरमिंट टिकला. मेलबर्नच्या या छोट्या कंपनीनं २००९ मध्ये आयफोनसाठी ‘रिअल रेसिंग’ काढला, २०११ मध्ये ती इलेक्ट्रॉनिक आर्ट्सकडे गेली. २०१३ चा तिसरा भाग फुकट मिळू लागला आणि त्यातूनच चाहत्यांचा रोष ओढवला. गाडीला ओरखडा पडला की दुरुस्तीसाठी थांबा, नाहीतर पैसे मोजा. पहिल्या दोन भागांचे पैसे आनंदानं दिलेल्या लोकांना तिसऱ्यानं फुकटात ताटकळत ठेवलं. पुढच्या भागाबद्दल चाहत्यांचं म्हणणं इथं अगदी साधं होतं: एकदाच पैसे घ्या आणि खेळू द्या.

आता दुसरी मागणी. २७ सप्टेंबर २०२० ला, प्रकाशनाच्या चौथ्या वाढदिवशी, ‘फोर्झा होरायझन ३’ दुकानांतून काढून घेतला गेला. ज्यांनी आधीच घेतला होता त्यांना तो डाउनलोड करता येतो, जुनी डिस्क मिळाली तर चालते, पण नव्या माणसाला तो कंपनीकडून विकत घेता येत नाही. होल्डन हे नाव बंद होत असल्याची घोषणा होऊन तेव्हा जेमतेम सात महिने झाले होते. मालिकेतला ब्रिटनचा चौथा भाग डिसेंबर २०२४ मध्ये असाच गेला. कारण लपलेलं नाही. खेळातली प्रत्येक गाडी उत्पादकाच्या परवानगीनं असते, रेडिओवरचं प्रत्येक गाणं परवान्यानं असतं, आणि हे परवाने ठरावीक वर्षांचे असतात. मुदत संपली की शेकडो कंपन्यांशी पुन्हा बोलणी करून जुना खेळ विकत राहण्यापेक्षा तो काढून नवा विकणं सोपं. कादंबरीची आवृत्ती संपते तेव्हा निदान वाचनालयात प्रत असते. इथं परवान्याची मुदत खेळाच्या जन्माबरोबरच लिहिलेली असते, आणि विकत घेणाऱ्याला ती कुणी सांगत नाही. हे मला गैर वाटतं. नव्या भागाच्या डब्यावर ‘अमुक वर्षापर्यंत विक्रीस’ असं ठळक छापायला काहीच हरकत नसावी.

या बाबतीत ऑस्ट्रेलियाचा कायदा जगाच्या पुढे राहिला आहे. तिथल्या ग्राहक आयोगानं २०१४ मध्ये ‘स्टीम’ हे खेळांचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या अमेरिकेच्या व्हॉल्व्ह कंपनीला न्यायालयात खेचलं. सदोष खेळाचे पैसे परत मिळणार नाहीत, ही कंपनीची अट ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक कायद्यात बसत नव्हती. आपण ऑस्ट्रेलियात धंदा करत नाही आणि वस्तूही विकत नाही, असा कंपनीचा बचाव होता. २०१६ मध्ये फेडरल कोर्टानं तो फेटाळला: संगणकीय खेळ हीदेखील वस्तूच. तीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला, आणि २०१८ मध्ये हाय कोर्टानं, म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं, पुढचं अपील ऐकायला नकार दिला. वस्तू म्हटलं की ती टिकण्याचा प्रश्न येतोच.

तो प्रश्न जगभर पेटवला तोही शर्यतीच्याच एका खेळानं. युबिसॉफ्टच्या २०१४ च्या ‘द क्रू’ मध्ये अख्ख्या अमेरिकेचा नकाशा होता, एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत गाडी नेता यायची. पण तो सतत कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेला असायला हवा. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि ज्यांनी पैसे मोजून घेतला होता त्यांच्याकडेही तो चालेना, एकट्यानं खेळायचा म्हटलं तरी. त्यातून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली. युरोपीय संघाकडे केलेल्या तिच्या अर्जावर २०२५ च्या जुलैपर्यंत दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. आरडाओरड्याचा परिणामही दिसला: सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीनं जाहीर केलं की ‘द क्रू २’ आणि त्यानंतरचा ‘मोटरफेस्ट’ इंटरनेटशिवाय चालतील अशी सोय करू. म्हणजे ती सोय शक्य असते. खेळ घडवतानाच तिचा विचार केला तर बहुधा स्वस्तही पडते.

सरकारी दप्तरात जपणूक व्हावी असंही वाटतं. कॅनबेरातलं राष्ट्रीय चित्रपट आणि ध्वनी संग्रहालय २०१९ पासून ऑस्ट्रेलियन व्हिडिओ गेम जतन करतं. सुरुवातीला आठ खेळ निवडले गेले. मेलबर्नला बनलेला १९८२ चा ‘द हॉबिट’ त्यांत होता, अ‍ॅडलेडचा ‘हॉलो नाइट’ होता. निवड चांगलीच होती. पण त्यात शर्यतीचा एकही खेळ नव्हता. ‘पॉवरस्लाइड’ला तिथं जागा मिळायला हवी होती.

मराठी वाचकाला ही सगळी दूरची गोष्ट वाटू नये. २०२१ च्या जनगणनेत ऑस्ट्रेलियात भारतात जन्मलेले ६ लाख ७३ हजार लोक होते. मेलबर्नच्या टार्नीट, पॉइंट कुक किंवा सिडनीच्या वेस्टमीड, वेंटवर्थव्हिलमध्ये मराठी घरं विखुरलेली आहेत. तिथं वाढणाऱ्या मुलांसाठी ग्रेट ओशन रोड हा सुट्टीतला रस्ता आहे आणि बाथर्स्ट हे शाळेत कानावर पडणारं नाव. त्यांच्या आई-बाबांच्या पिढीनं मात्र ऑस्ट्रेलिया पहिल्यांदा पाहिला तो पुण्या-नागपुरातल्या सायबर कॅफेत. १९९७ च्या ‘नीड फॉर स्पीड २’ मध्ये ‘आउटबॅक’ नावाचा मार्ग होता आणि त्यात सिडनीचं ऑपेरा हाऊस शेजारून जायचं. त्याच खेळात नेपाळही होता, बर्फाळ डोंगरांतला. भारत नव्हता. पुढे कोडमास्टर्सच्या फॉर्म्युला वनच्या खेळांत काही वर्षं ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट आला, कारण २०११ ते २०१३ तिथं शर्यत झाली. शर्यत गेली, मार्गही गेला.

मग मुलं स्वतःच काहीतरी करतात. इंडोनेशियात बनलेला बस चालवण्याचा एक मोबाइल गेम भारतात फार लोकप्रिय आहे. त्यात गाडीला हवा तो रंग चढवता येतो. केरळच्या पोरांनी त्यावर आपल्या खासगी बसची झगमगती चित्रं चढवली, महाराष्ट्रातल्या मुलांनी एसटीचा लाल. नकाशा इंडोनेशियाचा, पाट्या इंडोनेशियाच्या, आणि धावते आहे लालपरी. मोठ्या कंपन्यांनी बाजारपेठ तपासायचीच असेल तर ही इथं उघड्यावर मांडलेली आहे.

आपल्याकडची फाल्कन म्हणजे प्रीमियर पद्मिनी. तिचं उत्पादन २००१ मध्ये थांबलं, आणि मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी वीस वर्षांच्या मुदतीनं ३० ऑक्टोबर २०२३ ला निवृत्त झाली. कुठल्याही मोठ्या शर्यतीच्या मालिकेनं तिला आपल्या ताफ्यात घेतल्याचं मी पाहिलेलं नाही. खासगी मालकांनी जपलेल्या काही पद्मिनी अजून धावतात. चांगले स्टुडिओ खेळातला आवाज खऱ्या गाडीवरून घेतात: गाडी रोलरवर उभी करायची, एंजिनापाशी आणि धुराड्यापाशी माइक लावायचे, प्रत्येक गिअरमध्ये वेग चढवत न्यायचा. जुन्या पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर असायचा आणि तो टाकताना होणारा खडखडाट मुंबईकराला झोपेतही ओळखू येईल. होरायझनच्या सातव्या भागाला भारत मिळो न मिळो, वरंध घाट आणि आंबोलीचा पाऊस त्यात येवो न येवो, पद्मिनीचं ध्वनिमुद्रण करायला परवाना लागत नाही. चालू एंजिनाची एक गाडी, तिचा राजी मालक आणि दोन माइक लागतात, आणि पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही ध्वनिमुद्रणाच्या विद्यार्थ्याला ते या हिवाळ्यात जमण्यासारखं आहे.